भूगंधर्वाचा सांभाळ

खटकचिंचोळीसारख्या बिदर जिल्ह्यातल्या सीमेवरच्या गावात डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाला तीन भाषांतून नावे मिळतात. मराठीत तो येडा, खुळा, भ्रमिष्ट, कन्नडात हुच्च, दखनीत दीवाना. आदराचे शब्दही तितकेच हाताशी असतात. दत्तसंप्रदायात तो अवधूत, दर्ग्यात तो मजजूब, आणि दोन्हीकडे चालणारा शब्द म्हणजे अवलिया. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा आणि अमरजेच्या संगमावरच्या गाणगापुरात, हे दोन्ही शब्दसंग्रह एकाच मंडपात भेटतात. बाल, उन्मत्त आणि पिशाच्च या तीन वृत्तींत वावरणारा म्हणून ज्या दत्ताची पूजा होते, त्याच दत्तासमोर आरतीच्या वेळी ‘बाधा’ झालेली माणसे घुमतात, किंचाळतात, आणि घरची माणसे त्यांना धरून उभी असतात. गाभाऱ्यातले वेड पूजेचे आणि सभामंडपातले वेड उतरवण्याचे. या दोन वेडांच्या मधे जो सापडतो, म्हणजे ज्याच्या हातात खरी कला होती आणि ज्याचे मन खरोखर आजारी होते, त्याची आठवण कशी ठेवावी याला मात्र आपल्या तिन्ही भाषांत सोयीचा शब्द नाही. अशा माणसाला आपण अवलिया करून टाकतो, किंवा त्याचे किस्से सांगून हसतो. दोन्हींत एक गोष्ट हमखास गळते: तो रोज जेवला कुठे, झोपला कुठे, आणि त्याला कोणी सांभाळले.

माझे म्हणणे एवढेच की कलावंताच्या आजाराचा इतिहास हा मुख्यतः सांभाळाचा इतिहास असतो. वेडामुळे कला निघाली की कलेमुळे वेड लागले, या चर्चेत आपण पानेच्या पाने खर्च करतो. पण कला आपल्यापर्यंत पोहोचली ती त्या वेडाला कोणी तरी घर दिले म्हणून, हे क्वचितच नोंदवतो. याचा सर्वांत स्पष्ट दाखला मराठी मुलखात आहे, आणि तोही गाणगापूरशी जुने नाते असलेल्या जागी. दत्ताचे अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती गाणगापूरला येण्याआधी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या नरसोबाच्या वाडीला, राहिले असे परंपरा सांगते. त्या वाडीच्या शेजारचे गाव म्हणजे कुरुंदवाड. पटवर्धनांच्या या छोट्या संस्थानी गावात १९२२ साली रहिमत खाँ नावाचे एक गवई वारले. त्यांना लोक ‘भूगंधर्व’ म्हणत. त्याच लोकांनी त्यांच्या भ्रमिष्टपणाच्या गोष्टीही चवीने सांगितल्या.

रहिमत खाँ हे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव. ख्याल गायकीच्या इतिहासात हद्दू-हस्सू या भावांच्या नावांचे वजन किती, हे सांगायची गरज नाही. महाराष्ट्रातली बरीचशी ख्यालगायकी त्या घराकडे बोट दाखवते. रहिमत खाँना तालीम घरातच, बापाकडून आणि लहानपणापासून मिळाली. त्यांची बहीण प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँना दिली होती, म्हणजे कानावर बीनही होते. मग १८७५ च्या सुमारास, थोड्या काळाच्या अंतराने, थोरले भाऊ छोटे महंमद खाँ गेले आणि हद्दू खाँही गेले. घराचे दोन खांब कोसळले. रहिमत खाँचे चित्त त्यानंतर थाऱ्यावर राहिले नाही. अफूची सवय होती, ती वाढली. ते घराबाहेर पडले, भटकू लागले, आणि अखेर बनारसमध्ये फकिरासारखे फिरताना विष्णुपंत छत्र्यांना सापडले, असे सांगितले जाते. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे म्हणजे ‘ग्रेट इंडियन सर्कस’चे संस्थापक. त्यांनी या गवयाला उचलून आपल्या तंबूत आणले, आणि तिथून पुढचे सारे आयुष्य रहिमत खाँनी छत्र्यांच्या छायेत काढले.

सर्कशीचा मालक आणि ग्वाल्हेरचा उस्ताद ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्या मुळाशी साधा हिशेब आहे. तरुणपणी छत्रे घोडे फिरवण्याची विद्या शिकायला ग्वाल्हेरला गेले होते, आणि तिथेच ते हद्दू खाँकडे गाणेही शिकले. पुढे कुरुंदवाड संस्थानात ते घोड्यांच्या पागेचे काम पाहत. इटालियन चियारिनीची सर्कस हिंदुस्थानात आली, तिचे खेळ पाहून त्यांना ईर्ष्या झाली, आणि २० मार्च १८८० रोजी त्यांनी स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ लावला. भारतीय सर्कशीचा जन्म याच तारखेला धरतात. म्हणजे हद्दू खाँकडे शिकलेल्या छत्र्यांच्या लेखी बनारसचा तो भणंग माणूस गुरुपुत्र होता. आपल्याकडे गुरूचे ऋण फेडायची रीत गुरूला दक्षिणा देऊन संपत नाही. गुरूच्या मागे त्याच्या घरच्यांची काळजी हा त्या ऋणाचाच भाग मानला जातो. रहिमत खाँना सांभाळणारी संस्था कोणती, असे विचारले तर उत्तर ‘गुरुऋण’ असेच द्यावे लागेल. त्यात दया असेल, कौतुक असेल. पण आधार होता तो नात्याचा.

हा आधार नसता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. १८५८ च्या कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि त्याने इस्पितळात धाडायचे, अशी तरतूद होती. वेड्यांचे इस्पितळ खुद्द बनारसमध्ये होतेच. आपल्याकडे धारवाड, नागपूर, रत्नागिरी, नंतर ठाणे अशी इस्पितळे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला उभी राहिली. त्यांतल्या डॉक्टरांनी आपापल्या परीने काम केले; त्या काळी औषध म्हणावे असे फारसे काही हातात नव्हतेच. पण इस्पितळाच्या नोंदवहीत माणूस नाव, वय, जात, धंदा आणि लक्षणे एवढ्यापुरता उतरतो. हद्दू खाँच्या मुलाचा धंदा तिथे फार तर ‘गवई’ किंवा नुसता ‘भिकारी’ म्हणून लिहिला गेला असता, आणि त्या गळ्यात काय होते हे विचारायला कोणी बसले नसते. ते विचारायला ऐकणारा माणूस लागतो. छत्र्यांजवळ ग्वाल्हेरचे गाणे ऐकून तयार झालेला कान होता, म्हणूनच त्या फकिरात त्यांना गुरुपुत्र ओळखू आला.

सर्कस ही अशा माणसाला सांभाळायला वाईट जागा, असे वाटणे साहजिक आहे. गोंगाट, जनावरे, रोजचा मुक्काम हलणारा. पण थोडे जवळून पाहिले तर उलटेच दिसते. सर्कशीइतके घड्याळावर चालणारे घर दुसरे नाही. घोड्यांना चारा ठरल्या वेळी, वाघ-सिंहांना मांस ठरल्या वेळी, कसरतपटूंना सराव, जेवण आणि खेळ ठरल्या वेळी. एकाची वेळ चुकली तर दुसऱ्याच्या जिवावर बेतते. या रहाटगाडग्यात एका माणसाचे जेवणखाण, अंथरूण आणि अफूची मोजकी मात्रा सहज बसते. शिवाय तंबूत सगळेच कोणत्या ना कोणत्या अर्थाने जगावेगळे. तिथे एखाद्याने स्वतःशी बडबडणे हा गावचावडीवरचा तमाशा होत नाही. आणखी एक. छत्रे हे ब्राह्मण घर. गावच्या वाड्यात मुसलमान उस्तादाला कायमचे ठेवून घेणे सोवळ्या-ओवळ्याच्या त्या काळात सोपे नव्हते. फिरत्या तंबूत हे प्रश्न सैल पडत असणार. रहिमत खाँना सांभाळण्यात सर्कशीचा वाटा असा: तिने त्यांना वेळेची शिस्त दिली आणि समाजाच्या नजरेतून सूट दिली.

अशा सांभाळाचे उदाहरण फक्त आपल्याकडचे नाही. जर्मन कवी हॉल्डरलिन (१७७०–१८४३) याला १८०६ मध्ये ट्यूबिंगेनच्या रुग्णालयात दाखल केले; तो फार दिवस जगणार नाही असे डॉक्टरांनी ठरवून टाकले. त्याची एक कादंबरी वाचलेल्या झिमर नावाच्या सुताराने त्याला १८०७ साली नदीकाठच्या आपल्या घरी नेले. कवी त्या घराच्या बुरुजातल्या खोलीत छत्तीस वर्षे राहिला. सुतार १८३८ मध्ये वारला, तर त्याच्या मुलीने पुढची पाच वर्षे काढली. विष्णुपंत छत्रे १९०५ मध्ये गेले, आणि त्यांच्या मागे बंधू काशिनाथपंतांनी रहिमत खाँचा भार उचलला. दोन देश, दोन धर्म, दोन कला; पण आकृती तीच. एक माणूस आपल्या आवडत्या कलावंताला घरी आणतो, आणि तो गेल्यावर त्याच्या घरातले माणूस तो सांभाळ पुढे चालवते. कारण कलावंत आता त्या घरचाच झालेला असतो. आप्त शब्दाचा अर्थ रक्तापुरता धरला तर ही दोन्ही घरे हिशेबाबाहेर जातात. सवयीच्या अर्थाने धरला, रोज ताटाला बसणारा तो आप्त, तर हीच घरे त्याची खरी घरे ठरतात.

इथे पहिला आक्षेप येतो, तो रसिकांचा. ते म्हणतील, रहिमत खाँच्या स्वरातली ती आर्तता, ते हरवलेपण आजारातूनच आले. शहाणा रहिमत खाँ असा गायला नसता. हा युक्तिवाद मोहक आहे, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. हा पुरावा म्हणजे त्यांच्या ध्वनिमुद्रिका. आयुष्याच्या उतरणीला ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ ओढली जायची. खूण झाली की सुरू, तीन-साडेतीन मिनिटांत संपवायचे, तान घेताना डोके मागे-पुढे हलवून आवाज कमी-जास्त करायचा, आणि चुकले तर पुसता येत नाही. मैफलीत दीड तास एक ख्याल गाणाऱ्या भल्याभल्या शहाण्या गवयांची या भोंग्यापुढे भंबेरी उडे. रहिमत खाँच्या तबकड्यांत राग स्वच्छ आहे, लय सुटत नाही, तानेचा प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येतो, आणि मुखडा समेवर नेमका येतो. हे हरवलेल्या मनाचे काम नाही. ही बापाची तालीम आहे. आजाराच्या आधी गळ्यात बसलेली, आणि इतकी खोल की मनाची बाकीची घडी विस्कटली तरी ती तशीच राहिली. वेडाने गाणे दिले नाही. गाणे वेडाच्या आधीचे होते, वेडातून तगले, आणि ते तगावे म्हणून कोणी तरी त्यांना त्या दिवशी खाऊपिऊ घालून, समजूत काढून, भोंग्यापुढे नेऊन उभे केले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. छत्र्यांनी सांभाळले हे खरे, पण त्यांचा त्यात फायदा होता. सर्कशीबरोबर खाँसाहेबांच्या मैफली झाल्या, लोक जमले, नाव झाले. आजारी माणसाला गायला लावून त्यावर नाव मिळवणे याला सांभाळ म्हणायचे की प्रदर्शन? सर्कशीत हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण तिथे वाघालाही सांभाळतात ते खेळासाठीच. मी या आक्षेपाला पूर्ण नाकारणार नाही. छत्रे धंदेवाईक होते, आणि धंदेवाईक माणूस गुरुऋणही हिशेबाबाहेर ठेवत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, गवयासाठी गाणे बंद होणे हा सांभाळ नव्हे. ज्याची साऱ्या जगाशी असलेली ओळख पुसट झाली आहे, त्याची सुराशी असलेली ओळख जागी ठेवणे हीच त्याच्यावरची मोठी मेहरबानी असते. आजच्या पुनर्वसन केंद्रांतही माणसाला त्याच्या जुन्या कामाकडे परत नेतात ते याच समजुतीने. दोन, फायद्याची कसोटी काळ लावतो. विष्णुपंतांच्या मागे सतरा वर्षे रहिमत खाँ जगले. म्हाताऱ्या, अफूत बुडालेल्या, लहरी गवयापासून मिळणारे उत्पन्न या काळात वाढत गेले असेल असे कोणी म्हणू शकत नाही. तरी घराने त्यांना सोडले नाही. सुरुवात हिशेबाने झाली असेल, पण शेवट नात्याने झाला.

तिसरा आक्षेप वैद्यकाचा आहे: शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजारी ठरवणारे आपण कोण? आणि अफू होती की आजार? हा प्रश्न योग्य आहे, म्हणूनच मी कोणत्याही आजाराचे नाव घेत नाही. पण नाव न घेणे म्हणजे आजार नाकारणे नव्हे. बापाच्या आणि भावाच्या मृत्यूनंतर घर सोडणे, भीक मागत फिरणे, असंबद्ध बोलणे, स्वतःची काळजी घेता न येणे, आणि हे वर्षानुवर्षे चालणे, एवढे वर्णन आजार म्हणायला पुरेसे आहे. अफू त्याचे कारण असेल किंवा त्यावरचा घरगुती उपाय असेल. सांभाळणाऱ्याला दोन्हींचा भार सारखाच पडतो. ‘अवलिया’ हा शब्द मला खुपतो तो याचसाठी. तो आदराचा वाटतो, पण माणसाचे दुःख त्याच्याकडून काढून घेतो. अवलियाला भूक लागत नाही, भीती वाटत नाही, रात्री झोप उडत नाही. त्याला कोणाची गरजच पडत नाही. मग त्याच्यासाठी जागणाऱ्या माणसांचीही नोंद करायचे कारण उरत नाही.

संगीताच्या इतिहासाने रहिमत खाँना कडेला ठेवले, त्याचेही कारण यातच आहे. आपला संगीतेतिहास वंशावळीने लिहिला जातो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात कशी आली, तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) आणली, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुसकरांकडे गेली, पुढे त्यांच्या शिष्यांकडे; ही ओळ सरळ आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर गुरू शिकवू शकत होता. शिकवायला ज्या प्रकारची स्थिरता लागते, तीच आजाराने रहिमत खाँकडून हिरावून घेतली होती. पण वंशावळीत बसत नाही तो परिणामशून्य, असे नसते. अब्दुल करीम खाँवर (१८७२–१९३७) रहिमत खाँच्या गाण्याची छाप पडली, हे जाणकार मान्य करतात. आणि मिरजेच्या या किराणा गायकाकडून तो रंग कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपर्यंत, आणि अब्दुल करीमांची तबकडी ऐकून घर सोडणाऱ्या गदगच्या भीमसेन जोशींपर्यंत गेला. घराणे एक आणि प्रभाव दुसऱ्याच घराण्यावर. शिकवून न गेलेले गाणे ऐकवून गेले. आणि ऐकायला ते मिळाले, कारण मिरज-कुरुंदवाडच्या पंचक्रोशीत तो गवई कोणाच्या तरी घरी जिवंत होता, जेवत होता, गात होता.

मग अशा माणसाची आठवण कशी लिहावी? मराठीला याचे उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच ते आहे. अमरावतीजवळच्या ऋद्धिपूरचे महानुभाव सत्पुरुष गोविंदप्रभू १२८७ च्या सुमारास गेले. गावातले कित्येक लोक त्यांना सरळसरळ वेडे म्हणत. त्यांच्या मागे म्हाइंभटाने त्यांना पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडून तीनशेहून अधिक लीळा, म्हणजे आठवणीतले प्रसंग, गोळा केल्या. म्हाइंभटाच्या श्रद्धेने ते ईश्वर होते, यात त्याला शंका नव्हती. तरीही त्याने वेड झाकले नाही आणि त्याचा अर्थही लावत बसला नाही. कोणाच्या घरात शिरले, काय खाल्ले, कशावर रुसले, कोणाला मारले, कोणत्या बाईने काय वाढले, हे सगळे त्याने जागा आणि माणसांसकट लिहिले. गोविंदप्रभू आजारी होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या भक्तांनी तसे मानण्याचे कारण नाही. मी म्हाइंभटाच्या रीतीविषयी बोलतो आहे. वेडसर वाटणाऱ्या माणसाभोवती गावाने आपली रोजची वागणूक कशी बदलून घेतली, हे त्या लीळांतून कळते. त्यांत वाढणाऱ्या बाईला जागा आहे. रहिमत खाँच्या बाबतीत आपण नेमकी तीच जागा रिकामी ठेवली. विष्णुपंतांचे नाव राहिले, काशिनाथपंतांचे राहिले. त्या घरात ताट कोणी वाढले, कपडे कोणी धुतले, रात्री उठून कोण पाहायचे, त्यांपैकी एकही नाव गाण्याच्या इतिहासात आले नाही.

बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हा प्रश्न जुना झालेला नाही. सीमेवरच्या गावांत भजनी मंडळे आहेत, तत्त्वपदे म्हणणारे आहेत, मोहरमला रिवायत म्हणणारे आहेत. कुठे एखाद्याचा आवाज असा असतो की त्याच्याशिवाय एकादशी सुनी वाटते, आणि त्याच माणसाला वर्षातले काही महिने घरचे गाणगापूरला नेतात किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या आणतात. तो गेल्यावर गाव दोन गोष्टी सांगते: देवाचा माणूस होता, किंवा शेवटी फार येड लागले होते. तिसरी गोष्ट सांगायला शिकायला हवे. कोणती पदे तो आजारातही विसरला नाही, कोणाच्या हातचे तो खायचा, कोणत्या वेळी त्याला एकटे सोडायचे आणि कोणत्या वेळी नाही, हे ज्या बायकामाणसांना पाठ आहे, त्यांच्याकडून ते लिहून घ्यायला हवे. म्हाइंभटाने तेच केले होते.

रहिमत खाँची तबकडी आज ऐकली तर तीन मिनिटांत सूर, ताल आणि खरखर ऐकू येते. मधल्या गोल कागदावर कंपनीचे आणि गवयाचे नाव असते. गवयाला ठरल्या वेळी उठवून, अंघोळ घालून, अफूची मात्रा बेताने देऊन भोंग्यापर्यंत चालवत आणणाऱ्या माणसाचे नाव छापायला त्या कागदावर जागाच ठेवलेली नव्हती.